बाटलीतला सुवास आणि बागेतली डोकेदुखी



तासगाव तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या द्राक्षबागेत रोजगाराला जातात आणि हंगामात बेदाण्याच्या शेडवर. घरात सासूबाई, पती आणि दोन मुले. पत्र लांबलचक आहे, त्यातला कामापुरता भाग सांगतो. बचत गटाच्या बैठकीला एक बाई आल्या. नीटनेटके कपडे, गोड बोलणे. त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. आत दहा चिमुकल्या बाटल्या होत्या, लॅव्हेंडर, नीलगिरी, पुदिना, गवती चहा, संत्रे अशा वासांच्या. एकेकीच्या मनगटाला थेंब लावला. सगळ्याजणींना बरे वाटले. मग त्यांनी सांगितले की या तेलांनी झोप लागते, डोके उतरते, गुडघे मोकळे होतात, रक्तातली साखर कमी होते, बागेत राबून अंगाला येणारा वास जातो आणि घरातली वाईट शक्तीही बाहेर पडते. पेटी बत्तीसशे रुपयांची. आणखी तिघींच्या गळ्यात मारली तर पैसे वसूल. या भगिनीने गटातून उचल घेऊन पेटी आणली. आता सासूबाई म्हणतात, पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या घरात असले अत्तर-बित्तर चालत नाही. पती म्हणतात, फसलीस. आणि त्या आम्हाला विचारतात की यात खरे किती, खोटे किती, आणि आणलेल्या बाटल्यांचे करायचे काय?

असे विचारणारी पत्रे वर्षाला दोन-चार येतातच. कधी चुंबकाच्या गादीबद्दल असतात, कधी पावडरच्या डब्याबद्दल. परंतु या पत्रात एक ओळ अशी आहे की तिने आम्हाला थांबवले. त्या लिहितात, "डोकं रोजच दुखतंय. पुदिन्याचं तेल लावलं की तासभर बरं वाटतंय, म्हणून तर घेतली." तेव्हा सुगंधी तेलाबद्दल तर लिहायचेच आहे, पण त्या रोजच्या डोकेदुखीबद्दल अधिक लिहायचे आहे.

प्रथम हे तेल म्हणजे काय ते पाहू. पाने, फुले, साली, मुळ्या यांत वासाचे तेल अगदी थोडे असते. पाण्याची वाफ त्या पाल्यातून सोडतात, वाफेबरोबर तेल उडते, नळीतून जाताना थंड होते आणि पाण्यावर तरंगते. ते वेगळे केले की झाले सुगंधी तेल. उत्तर प्रदेशात कनौज येथे तांब्याच्या डेगेत अत्तर काढतात, तेही याच वाटेने. हे तेल शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलासारखे नव्हे. घरी करून बघा: कागदावर एक थेंब करडईच्या तेलाचा टाका आणि एक नीलगिरीचा. करडईचा डाग राहतो, नीलगिरीचा काही वेळाने उडून जातो. नीलगिरीचाही तेलकट डाग राहिला, तर बाटलीत दुसरे साधे तेल मिसळले आहे असे समजावे.

म्हणजे ही वस्तू आपल्याला नवी नाही. सर्दी झाली की रुमालावर नीलगिरीचे दोन थेंब, दाढ दुखली की लवंगेचे तेल, पोटात दुखले की ओवा, पावसाळ्यात चहात गवती चहाची पात, हे आपल्या आया-आज्यांनी केलेले आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर गवती चहाचे ठोंब नाही असे घर वस्तीत शोधावे लागेल. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल एका बाटलीत टाकले की तिन्ही विरघळून पातळ होतात, तिला अमृतधारा म्हणतात. अमृतांजन बाम १८९३ साली मुंबईत निघाला, तोही वासाच्या तेलांचाच. गात्तफोसे नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली या विषयावर पुस्तक लिहून त्याला 'अरोमाथेरपी' हे नाव दिले, आणि त्या नावाखाली तीच नीलगिरी आता लाकडी पेटीतून वस्तीत आली आहे. (तुळशीबद्दलही कुणी विचारील म्हणून सांगतो. वृंदावन बांधून फेऱ्या घालायच्या नाहीत एवढेच. चहात चार पाने टाकायला कुणाची हरकत नाही.)

आता सासूबाईंचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अष्टशीलातील सातव्या शीलात नाच-गाणी-तमाशा याबरोबर माळा, गंध आणि विलेपन यांपासूनही दूर राहण्याचा नियम आपण घेतो. पण हा नियम नटण्या-सजण्याबद्दलचा आहे. औषधाची गोष्ट वेगळी आहे आणि ती विनयपिटकातच आलेली आहे. महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, भेसज्जक्खंधक. त्यात पिलिंदवच्छ या स्थविरांची हकिकत येते. त्यांचे डोके तापत असे. भगवंतांनी डोक्याला थोडे तेल लावण्याची परवानगी दिली. त्याने उतार पडला नाही. मग नाकात औषध घालण्याची परवानगी दिली. ते नाकातून नीट जाईना, तेव्हा त्यासाठी छोटे साधन वापरायला सांगितले. तरीही बरे वाटेना, म्हणून औषधी धूर ओढण्याची परवानगी दिली. वातीचा धूर ओढताना घसा भाजू लागला, तेव्हा नळी वापरण्यास सांगितले. पुढे काही भिक्खू सोन्याच्या, चांदीच्या नळ्या बाळगू लागले. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा अशा भारी नळ्या वापरायच्या नाहीत असा नियम झाला. हाड, शिंग, बोरू, बांबू, लाकूड असल्या साध्या वस्तूंची चालेल. त्याच प्रकरणात डोळ्यांच्या अंजनात चंदन, तगर अशी सुवासिक द्रव्ये मिसळण्यासही मोकळीक आहे.

सासूबाईंना ही हकिकत वाचून दाखवा. आम्हाला तिच्यात मोठे शहाणपण दिसते. एक उपाय केला, गुण आला का ते पाहिले, नाही आला तर दुसरा केला. कुठेही मंत्र नाही, ग्रह नाही, वाईट शक्ती नाही. आणि औषधाची नळी सोन्याची झाली की ती बंद केली. पुदिन्याचे तेल औषध म्हणून चालते. बत्तीसशे रुपयांची लाकडी पेटी मात्र त्या चांदीच्या नळीच्याच जातीची आहे. उपोसथाच्या दिवशी डोके दुखत असेल तर कपाळाला बाम लावल्याने शील मोडत नाही.

या तेलांचा गुण खरा किती? थोडा आहे, पण आहे. पुदिन्यात जे मेंथॉल असते ते कातडीतल्या आणि नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना डिवचते. थंडी नसतानाही मेंदूला थंडीचा निरोप जातो. त्यामुळे कपाळ गार वाटते आणि चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. नाक खरोखर उघडत नाही, तसे वाटते एवढेच, पण आजारी माणसाला तेवढाही दिलासा मोठा असतो. ही थंडीची कळ शोधताना डेव्हिड ज्युलियस आणि अर्डेम पटापौटियन या शास्त्रज्ञांनी मेंथॉलच वापरले होते. स्पर्श व उष्ण-थंड यांच्या जाणिवेवरील कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीत १९९६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साध्या ताणाच्या डोकेदुखीत कपाळाला व कानशिलांना पुदिन्याचे पातळ केलेले तेल लावले, तर पॅरासिटॅमॉलच्या गोळीइतकाच उतार पडला. लवंगेच्या तेलातले युजेनॉल हिरडी बधिर करते. दंतवैद्य ते जस्ताच्या भुकटीत कालवून तात्पुरती चांदी भरतात. लॅव्हेंडरच्या वासाने काहींचे मन निवते, झोपेला मदत होते. याच्या पलीकडे साखर, रक्तदाब, मूल न होणे, मुतखडा, कॅन्सर यांवर या बाटल्या चालतात असे कुणी म्हटले की ओळखावे, हा धंदा आहे.

तेव्हा आमच्या भगिनीला पुदिन्याच्या तेलाने तासभर बरे वाटते, ते खोटे नाही. प्रश्न असा आहे की डोके रोज का दुखते?

तासगाव, सावळज, मणेराजुरी या भागात द्राक्षाचा मांडव ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. विरळणीला आणि घड बुडवायला बाई उभी राहते ती मान वर करून. दोन्ही हात खांद्याच्या वर. सकाळी आठला वर केलेली मान दुपारी भाकरीला खाली येते. मानेचे आणि खांद्याचे स्नायू आखडतात आणि ती कळ कानशिलात येते. हे पहिले कारण. दुसरे, सकाळी नुसता चहा पिऊन टेम्पोत बसायचे आणि पहिला घास दुपारी. तिसरे कारण बाया पुरुषांसमोर बोलत नाहीत, ते आम्ही लिहितो. बागेत आडोसा नसतो. लघवीला जायला लाज वाटते, म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. उन्हात पाण्यावाचून डोके दुखणारच. लघवीची जळजळ मागे लागते ती वेगळी. या दुखण्यावर औषध म्हणजे पाण्याची घागर आणि चार खांबांना गुंडाळलेले पोते. कुठल्याही पेटीत ते मिळणार नाही.

चौथे कारण औषधाची फवारणी. शेजारच्या पट्ट्यात ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असतो आणि या बाजूला टोळी विरळणी करत असते, हे दृश्य नवे नाही. फवाऱ्याचा तुषार अंगावर आला की डोके जड होते, मळमळते, डोळ्यांतून पाणी येते. अशा वेळी बाई पदराच्या गाठीतून बाम काढते आणि नाकाखाली चोळते. भगिनींनो, हे करू नका. यात दोन घात आहेत. एक म्हणजे नाक हे आपले राखणदार आहे. त्याला झोपवले की विष किती येते आहे ते कळत नाही, आणि बाई तिथेच थांबते. दुसरा घात फारसा कुणाला ठाऊक नाही. पुदिना, नीलगिरी यांतील द्रव्ये कातडीचा वरचा थर सैल करतात. औषधशास्त्रात त्यांचा उपयोग मुद्दाम मलमातले औषध कातडीतून आत घालण्यासाठी होतो. तेच तेल चोळलेल्या हातांनी फवारलेले घड हाताळले तर औषधाऐवजी विष आत जायला वाट मिळते. बाम लावायचाच असेल तर काम संपल्यावर, साबणाने हात-तोंड धुऊन, कपडे बदलून, घरी.

छाटणीनंतर काडीला जी पेस्ट लावतात तिच्याबद्दल दोन शब्द, कारण हे पुरुषांनीही वाचावे. डोळे फुटावेत म्हणून लावायच्या त्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असते. ती लावणाऱ्याने त्याच्या मागेपुढे दारू घेतली तर अंग लालबुंद होते, छाती धडधडते, डोके फुटायला येते, श्वास कोंडतो. घरच्यांना वाटते दारू चढली, आणि कपाळाला बाम चोळत बसतात. हा दवाखान्याचा मामला आहे. बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा आहेच. पण जे पितात त्यांनीही हे जाणून असावे.

आणि बेदाण्याचे शेड. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरतात. दोन-अडीच आठवड्यांत ती वाळतात. रंग उजळावा म्हणून गंधकाची धुरी देतात. गंधक जळला की जो वायू सुटतो तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. दमेकऱ्याला तो फारच वाईट. धुरी दिलेल्या शेडमध्ये लगेच शिरायचे आणि तोंडावर नीलगिरीचा रुमाल धरायचा, असे काही बाया करतात. नीलगिरीने वायू अडत नाही. आधी शेड उघडून वारा खेळू द्यावा आणि मगच आत जावे. ज्या बाईला दमा आहे तिने धुरीच्या कामाला नाही म्हणावे आणि टोळीने तिच्या बाजूने उभे राहावे.

आता म्हणाल, हे सगळे बागायतदाराला सांगायचे कोणी? एकटीने सांगितले तर उद्या तिचा रोजगार तुटतो. म्हणून टोळीने मिळून सांगायचे: आम्ही पट्ट्यात असताना शेजारी ब्लोअर नको, पाण्याची सोय हवी, आडोसा हवा, हातमोजे हवेत. यातले काहीही महागडे नाही. हंगामात मजूर मिळत नाही म्हणून बागायतदारही ओरडत असतात, तेव्हा ऐकून घेणारे निघतील. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूर खात्याचे मंत्री होते. कामाचे तास, खाणीतल्या बायांची बाळंतपणाची रजा असे प्रश्न त्यांनी हाती घेतले. कामाच्या जागी माणसाचे शरीर शाबूत राहणे हा त्यांच्या दृष्टीने हक्काचा प्रश्न होता. वस्तीतल्या एकाही टोळीत या चार गोष्टी मागितल्या गेल्या तर आम्हाला जरूर कळवा.

एवढे करूनही डोके रोज दुखत राहिले, तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, डोळे दाखवावेत. रक्त कमी असणे आणि चष्म्याची गरज असणे, ही आपल्या बायांत डोकेदुखीची फार साधी आणि फार दुर्लक्षित कारणे आहेत. अचानक आलेली भयंकर डोकेदुखी, सोबत ताप व मान आखडणे, एका अंगाची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, गरोदरपणात डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काही झाले तर तेल-बाम शोधत बसू नये, थेट सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्याची वाट धरावी. १०८ नंबरची गाडी फुकट येते.

आणलेल्या बाटल्या टाकून देऊ नका. सुगंधी तेल नुसते कधीही अंगाला लावू नये, कातडी भाजते. चहाच्या एका चमचाभर खोबरेल किंवा करडईच्या तेलात दोन थेंब, बस्स. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे, खाज आली नाही तर वापरावे. पुदिन्याचे असे केलेले तेल कपाळाला आणि कानशिलांना लावावे, डोळ्यांपासून लांब. मानेला आणि खांद्याला कुणाकडून तरी चोळून घ्यावे. यात निम्मा गुण तेलाचा आणि निम्मा त्या चोळणाऱ्या हाताचा असतो. आपल्या बाया दिवसभर दुसऱ्यांचे अंग चेपतात, त्यांचे कुणी चेपत नाही. मुलाने आईची मान पाच मिनिटे चोळली तर त्याचे काही बिघडत नाही, हे घरातल्या पुरुषमंडळींनी या निमित्ताने वाचावे. लॅव्हेंडरचा एक थेंब उशाच्या फडक्यावर. गवती चहाचे तेल बादलीभर पाण्यात आठ-दहा थेंब टाकून फरशी पुसायला चांगले. त्याच्या वासाने डास थोडा वेळ लांब राहतात, पण मच्छरदाणीची जागा ते घेत नाही. दाढेला लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, आणि कळ थांबली तरी दाढ दाखवायचीच. कीड आत तशीच असते. वाफारा घ्यायचा तर उकळते पातेले चुलीवरून उतरवून खाली स्थिर ठेवावे, दोन-तीन थेंबांवर घालू नयेत, डोळे मिटावेत. लहान मुलाला पातेल्यावर वाकवू नये. मुलाने पातेले अंगावर ओढून भाजल्याच्या घटना घराघरांत घडतात.

मुलांचा विषय निघाला आहे तर जरा सावकाश वाचा. नीलगिरीचे तेल पोटात जाणे लहान मुलाला विषासारखे आहे. चमचाभर तेलानेसुद्धा मुलाची शुद्ध हरपते, झटके येतात, आणि ते काही मिनिटांतही घडू शकते. कापराचे तसेच. कापराची वडी मुलाला खडीसाखर वाटते. दुखण्यावर चोळायच्या तेलात जे गंधपुऱ्याचे, म्हणजे विंटरग्रीनचे तेल असते, ते निव्वळ असेल तर त्याच्या एका चमच्यात मोठ्या माणसाच्या वीसहून अधिक अॅस्पिरिनच्या गोळ्यांइतके औषध असते. अमृतधारेची बाटली फळीवर खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. रात्री दिवा गेला, घाईत चुकीच्या बाटलीतून चमचा भरला, असे व्हायला वेळ लागत नाही. या सगळ्या बाटल्या वेगळ्या डब्यात, कुलपात. चुकून पोटात गेलेच तर ओकारी काढू नये, मीठ-पाणी पाजू नये. ओकताना तेल फुप्फुसात शिरते. बाटली हातात घेऊन तसेच दवाखान्यात जावे, म्हणजे डॉक्टरांना काय गेले ते कळते. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला बाम, कापूर, पुदिना यांतले काहीही लावू नये. त्या वासाने बाळाचा श्वास अडू शकतो. नाक चोंदले असेल तर स्वच्छ मिठाच्या पाण्याचे थेंब, ते औषधाच्या दुकानात तयार मिळतात.

विकणाऱ्या बाईंबद्दल आम्हाला फार राग नाही. त्याही कुणाच्या तरी साखळीत अडकलेल्या असणार, त्यांनीही आधी पैसे भरलेले असणार. परंतु कायदा काय म्हणतो ते गटातल्या बायांनी जाणून घ्यावे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम केले. त्यांनुसार माणसे जोडण्यावर कमाई देणारी साखळी चालवता येत नाही, विक्रेता होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला ठराविक मुदतीत माल परत करण्याची सोय द्यावी लागते. तेव्हा पावती मागा. पावती नाही म्हणाले की पेटीही नाही. मधुमेह, कॅन्सर अशा रोगांवर रामबाण म्हणून जाहिरात करण्यास १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. आणि वाईट शक्ती घालवतो म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला.

गटाचे पैसे उचलून असली पेटी घ्यायची नाही, असा ठराव बचत गटाने करावा हे उत्तम. नीलगिरीची आणि पुदिन्याची छोटी बाटली औषधाच्या दुकानात एका दिवसाच्या रोजगारातून बरेच पैसे उरतील एवढ्यात येते. घरात तेवढ्या दोन पुरेत.

पत्रातली आणखी एक गोष्ट आम्हाला टोचली, ती म्हणजे "बागेत राबून अंगाला येणारा वास". हे वाक्य विक्रीसाठी वापरले गेले आणि ते नेमके आपल्या वस्तीत वापरले गेले. वासावरून माणसाला दूर सारण्याचा इतिहास या देशात जुना आहे. मेलेली ढोरे ओढायला आपल्यालाच लावायचे आणि वास येतो म्हणून आपल्यालाच वेशीबाहेर ठेवायचे, हा त्या इतिहासाचा उफराटा न्याय होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा, लुगडे नीट नेसण्याचा आणि अस्पृश्यतेची खूण पटवणारे जड दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेतही स्वच्छतेवर त्यांचा भर होता. तो उपदेश स्वाभिमानाचा होता. घाम हा कामाचा असतो, तो साबण-पाण्याने जातो, त्यावर लॅव्हेंडर शिंपडण्याची गरज नाही. आणि ज्यांना सुवासाचा फार अभिमान आहे त्यांना हेही ठाऊक असावे की गेल्या शतकाआधी खानदेशच्या जंगलात रोशा गवत कापून त्याचे तेल काढले जाई. ते तेल मुंबईहून बाहेरदेशी जाई आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. श्रीमंतांच्या गुलाबात आपल्याकडचे गवत होते.

शेवटी बाळंतिणीच्या खोलीबद्दल, कारण हिवाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा, धूप, कधी कापूर यांची धुरी देण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. खोलीची दारे-खिडक्या बंद, शेगडी पेटलेली, आणि चार दिवसांचे बाळ त्या धुरात. आजीचा हेतू चांगलाच असतो, पण बाळाचे फुप्फुस तो धूर सोसू शकत नाही, आणि बंद खोलीतली शेगडी आईलाही धोक्याची. विहारातही एका वेळी दहा-दहा अगरबत्त्या लावल्या जातात. वंदनेला एक पुरते, आणि दार उघडे असावे. आजीला मात्र "तुम्हाला काही कळत नाही" असे म्हणू नये. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बाळंतिणीच्या कमरेला शेकायचे काम तिच्याकडे सोपवावे. त्यात धूर नाही, शेक मिळतो, वासही दरवळतो, आणि तव्याचा ताव किती असावा हे तिच्याइतके घरात कुणालाच कळत नाही.